पाच मिनिटांचा माणूस : डेरेक बुगार्ड आणि आइस हॉकीतला मावळता ‘एन्फोर्सर’

९ डिसेंबर २०१० च्या रात्री ओटावाच्या रिंकवर न्यूयॉर्क रेंजर्सच्या डेरेक बुगार्डने हातमोजे काढून बर्फावर टाकले. समोर ओटावा सेनेटर्सचा मॅट कार्कनर होता. त्यानेही टाकले. पंच बाजूला सरकले. या खेळातली रीतच तशी आहे: दोघं राजी असतील तर एक जण खाली जाईपर्यंत किंवा दोघं दमेपर्यंत मध्ये पडायचं नाही. एका हाताने समोरच्याची जर्सी घट्ट मुठीत धरायची आणि दुसऱ्याने मारायचं. पायांत धारदार स्केट, खाली बर्फ, त्यामुळे पाय रोवायची सोय नसते. सगळा जोर खांद्यातून आणि त्या जर्सीच्या ओढीतून येतो. कार्कनरचा ठोसा चेहऱ्यावर बसला आणि सहा फूट सात इंच उंचीचा, सव्वाशे किलोच्या आसपास वजनाचा बुगार्ड खाली गेला. नाक मोडलं, खांदा दुखावला, मेंदूला हादरा बसला.

त्यानंतर तो एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगचा, एकही सामना खेळला नाही. पाच महिने उलटून गेल्यावर, १३ मे २०११ रोजी, मिनियापोलिसमधल्या राहत्या घरी तो मृतावस्थेत सापडला. दारू आणि ऑक्सिकोडोन ही वेदनाशामक गोळी यांचं मिश्रण जिवावर बेतलं. मृत्यू अपघाती, असा निष्कर्ष निघाला. वय होतं २८.

आइस हॉकीतला ‘एन्फोर्सर’ कसा तयार होतो, कसा वापरला जातो आणि शेवटी कसा नाहीसा होतो, हे समजून घ्यायला बुगार्डच्या आयुष्याइतकं स्पष्ट दुसरं उदाहरण मला माहीत नाही. ही प्रथा आता जवळपास संपली आहे. ती का संपली याचं जे उत्तर सहसा दिलं जातं ते मला पटत नाही, म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

आधी रिंकवरचं थोडं

हॉकी म्हटलं की आपल्याला मैदानी हॉकी आठवते. आइस हॉकी हा वेगळाच खेळ आहे. एका संघाचे १८ खेळाडू आणि दोन गोलरक्षक सामन्यासाठी सज्ज असतात, पण बर्फावर एका वेळी सहाच. वेग इतका की कुणालाही सलग मिनिटभरापेक्षा जास्त खेळणं जड जातं, म्हणून तुकड्या सतत आत-बाहेर होत राहतात. पुढच्या फळीच्या चार तुकड्या असतात. पहिल्या दोन गोल करण्यासाठी, तिसरी मुख्यतः अडवण्यासाठी. चौथ्या तुकडीत वर्षानुवर्षं एक जागा अशा माणसासाठी राखलेली असायची ज्याचं काम गोल करणं नव्हतं आणि अडवणंही नव्हतं. समोरच्या संघातल्या कुणी आपल्या मुख्य खेळाडूला आडवं-तिडवं मारलं, तर त्याचा हिशेब चुकता करणं हे त्याचं काम. तोच एन्फोर्सर. आपल्याकडच्या शब्दात राखणदार म्हणता येईल, पण हा राखणदार हातघाईवर येऊनच राखण करायचा.

मारामारी नियमात बसते का, असा प्रश्न नवख्याला पडतो. उत्तर अडचणीचं आहे: बसत नाही, पण तिची किंमत ठरलेली आहे. मारामारी केली की पाच मिनिटं शिक्षेच्या पेटीत बसायचं आणि मग पुन्हा खेळायला यायचं. दोघंही बसले तर संघाचं काहीच बिघडत नाही, त्यांच्या जागी दोन्हीकडून दुसरे खेळाडू उतरतात. ऑलिंपिकमध्ये, युरोपातल्या बहुतेक लीगमध्ये आणि अमेरिकी महाविद्यालयीन हॉकीत मारामारी केली की सामन्यातून थेट बाहेर काढतात. खेळ तोच, बर्फ तोच, अनेकदा खेळाडूही तेच. तिथे एन्फोर्सर नावाची जात उगवलीच नाही. पाच मिनिटं आणि हकालपट्टी, या दोन शिक्षांमधल्या फरकात या साऱ्या प्रकरणाचं मूळ आहे.

या प्रथेचे सुवर्णकाळ मानले गेलेले दिवसही होते. फिलाडेल्फिया फ्लायर्सनी १९७४ आणि १९७५ ची स्टॅनली कप विजेतेपदं दांडगाईच्या जोरावर मिळवली असं मानलं जातं. त्यांच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ च्या हंगामात ४७२ मिनिटांची शिक्षा भोगली, आणि हा विक्रम आजवर मोडलेला नाही. पुढे एडमंटनमध्ये वेन ग्रेट्झकीच्या भोवती डेव्ह सेमेंको आणि मार्टी मॅकसॉर्ली होते. १९८८ मध्ये ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला गेला तेव्हा त्याच सौद्यात मॅकसॉर्लीही त्याच्याबरोबर गेला. सर्वश्रेष्ठ खेळाडूबरोबर त्याचा राखणदारही पाठवायचा, इतकी ही सोय गृहीत धरलेली होती.

घडवलेला माणूस

बुगार्डचा जन्म १९८२ चा, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या सस्कटूनचा. वडील लेन हे रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसात. बदल्यांमुळे गाव बदलत राहायचं, शाळा बदलत राहायची. मुलगा वयाच्या मानाने फारच मोठा, स्केटिंगमध्ये अवजड, अभ्यासात मागे. वर्गात चिडवलं जाणारं पोर. प्रेअरीच्या त्या गावांत हिवाळा म्हणजे हॉकी, त्यामुळे तोही खेळत होता, पण त्याच्या खेळाकडे पाहून कुणी थांबावं असं त्यात काही नव्हतं.

थांबले ते वेगळ्याच कारणाने. मेलफर्ट गावच्या संघाकडून खेळताना एका सामन्यात त्याचा पारा चढला. पंचांच्या हातून निसटून तो समोरच्या संघाच्या बाकावरच घुसला आणि ठोसे मारू लागला. तिथली पोरं जीव घेऊन पांगली. प्रेक्षकांत रेजायना पॅट्स या ज्युनियर संघाचे लोक बसले होते. त्यांनी तो प्रकार पाहिला आणि मुलाचे हक्क आपल्या संघाच्या नावावर करून घेतले.

या जागी मी दर वेळी अडखळतो. एखादा किशोरवयीन मुलगा भान सुटून असं वागतो तेव्हा मोठ्या माणसांनी काय करायला हवं, याची अनेक उत्तरं असू शकतात. इथे मोठ्या माणसांनी त्याला नोकरीचा रस्ता दाखवला. त्या क्षणापासून त्याच्या हॉकीचा अर्थ ठरून गेला. रेजायना, प्रिन्स जॉर्ज, मेडिसिन हॅट असे ज्युनियर संघ बदलत तो पुढे सरकत राहिला आणि प्रत्येक ठिकाणी त्याची किंमत ठोशांवरून झाली. २००१ मध्ये मिनेसोटा वाइल्डने त्याला सातव्या फेरीत, २०२ व्या क्रमांकावर निवडलं. लुइझियाना आणि ह्यूस्टनमधल्या दुय्यम संघांत काही वर्षं काढून तो २००५-०६ मध्ये एनएचएलमध्ये पोचला.

आणि तिथे तो लोकांचा लाडका झाला, हेही सांगायला हवं. सेंट पॉलला, वाइल्डच्या घरच्या रिंकवर, तो बर्फावर उतरला की लोक उभे राहायचे. त्याची २४ क्रमांकाची जर्सी पोरंटोरं घालून यायची. बाहेर तो मऊ स्वभावाचा, लोकांना वेळ देणारा म्हणून ओळखला जायचा, आणि ‘बुगीमॅन’ हे टोपणनाव घेऊन फिरायचा, म्हणजे लहान मुलांना ज्याची भीती घालतात तो. २००७ च्या उन्हाळ्यात त्याने आणि त्याच्या भावाने रेजायनामध्ये मुलांसाठी मारामारी शिकवणारं शिबिर घेतलं. टीका झाली. त्याची बाजू अशी की ही मुलं पुढे मारामारी करणारच आहेत, तर स्वतःला कसं सांभाळायचं ते तरी शिकू देत. त्याला जे जग दाखवलं गेलं होतं त्यात हे बोलणं सुसंगतच होतं.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या एका ठोशाने अनाहाइमच्या टॉड फेडोरुकच्या गालाचं हाड चुरलं. डॉक्टरांना टायटॅनियमच्या पट्ट्या बसवून चेहरा पुन्हा उभा करावा लागला. त्या एका ठोशाने बुगार्डचा दरारा लीगभर पसरला. पुढच्याच हंगामात फेडोरुक मिनेसोटात आला आणि दोघं एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसू लागले. त्यांच्यात वैर नव्हतं, कधीच नव्हतं. या लोकांत आपसात एक अलिखित संकेत असे: आधी विचारायचं, जखमी माणसाला हात लावायचा नाही, पडलेल्याला मारायचं नाही, संपलं की पाठ थोपटायची. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण समोरचाही आपल्यासारखाच पोटासाठी उभा आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्याची एनएचएल कारकीर्द आकड्यांत मांडायची तर: २७७ सामने, ३ गोल, ५८९ मिनिटांची शिक्षा. साठ मिनिटांच्या सामन्यात तो जेमतेम पाच-सहा मिनिटं बर्फावर असायचा. जानेवारी २००६ नंतर त्याचा पुढचा गोल आला नोव्हेंबर २०१० मध्ये, मध्ये २३४ सामने कोरडे गेले होते.

गोळ्या

ठोसा खाण्याइतकंच ठोसा मारणंही शरीराला महाग पडतं. मूठ हेल्मेटवर आदळते, बोटांची हाडं सरकतात, कातडी फाटते आणि भरण्याआधी पुन्हा फाटते. बुगार्डची पाठ, खांदा, नाक, हात यांपैकी काहीच धड राहिलं नव्हतं. २००९ च्या वसंतात नाक आणि खांद्यावर शस्त्रक्रिया झाल्या. वेदनेसाठी ऑक्सिकोडोन, झोपेसाठी आणखी गोळ्या. त्याच्या कुटुंबाने नंतर जो खटला भरला त्यातला दावा असा की २००८-०९ च्या एका हंगामात संघांशी संबंधित डॉक्टरांकडून त्याला एक हजाराहून अधिक गोळ्या लिहून दिल्या गेल्या. एका संघाला अनेक डॉक्टर असतात. कुणी हाडांचा, कुणी दातांचा, कुणी सामन्याच्या रात्री हजर असणारा. प्रत्येकाने थोडंथोडं लिहून दिलं की एकूण किती झालं हे कुणाच्याच कागदावर दिसत नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये त्याला कॅलिफोर्नियात व्यसनमुक्तीसाठी पाठवलं गेलं. लीग आणि खेळाडू संघटना मिळून हा कार्यक्रम चालवतात. बाहेर कारण सांगितलं गेलं ते मेंदूच्या हादऱ्याचं. तो परतला, खेळला, आणि वर्षही पुरतं व्हायच्या आत, जुलै २०१० मध्ये, न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याच्याशी चार वर्षांचा ६५ लाख डॉलरचा करार केला. तीन-चार गोलांच्या लायकीच्या खेळाडूला एवढे पैसे मिळत नाहीत. ते पैसे भीतीचे होते, आणि ती भीती टिकवायची तर त्याला लढत राहणं भाग होतं. दुखतंय म्हणून थांबायची मुभा स्टार खेळाडूला असते. चौथ्या तुकडीतल्या माणसाने थांबून पाहावं, ज्युनियर लीगमध्ये त्याच्या जागेसाठी दहा जण उभे असतात.

रेंजर्सकडून तो २२ सामने खेळला. मग ओटावाची ती रात्र आली. त्यानंतरचा हिवाळा त्याने मॅनहॅटनच्या फ्लॅटमध्ये बहुतांशी एकट्याने काढला. उजेड सहन होत नव्हता म्हणून खिडक्या झाकलेल्या, डोळ्यांवर गॉगल. २०११ च्या वसंतात पुन्हा व्यसनमुक्ती केंद्र. बहिणीच्या पदवीदान समारंभासाठी तिथून काही दिवसांची सुटी मिळाली आणि तो मिनियापोलिसला आला.

त्याच उन्हाळ्यात, १५ ऑगस्टला, रिक रिपियन गेला. तो २७ वर्षांचा होता आणि कित्येक वर्षं नैराश्याशी झगडत होता. ३१ ऑगस्टला टोरंटोमध्ये वेड बेलॅक गेला, वय ३५. चार महिन्यांत तीन मृत्यू, आणि तिघंही मुठींवर पोट असलेले.

मेंदू

कुटुंबाने बुगार्डचा मेंदू बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांकडे दिला. डॉ. अॅन मॅकी यांच्या गटाला त्यात सीटीई आढळला. डोक्याला पुन्हापुन्हा मार बसल्याने होणारा हा ऱ्हास आहे. टाऊ नावाचं प्रथिन पेशींत साचत जातं, स्मृती, राग, झोप, निर्णयशक्ती यांवर परिणाम होतो, आणि निदान मृत्यूनंतर मेंदू कापूनच करता येतं. त्याआधी याच गटाने बॉब प्रोबर्टचा मेंदू तपासला होता. प्रोबर्ट हा त्याच्या काळातला सर्वांत नावाजलेला एन्फोर्सर, २०१० मध्ये ४५ व्या वर्षी गेलेला. २८ वर्षांच्या बुगार्डमध्ये रोग त्याच्यापेक्षाही पुढे गेलेला होता.

इथे घाई करू नये. शेवटच्या दोन वर्षांत बुगार्डचं वागणं बदललं, विसरणं वाढलं. ते सीटीईमुळे की गोळ्यांमुळे की दोन्हींमुळे, हे एका मेंदूवरून सांगता येत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. पण नंतरचं मोठ्या प्रमाणावरचं काम त्याच दिशेने बोट दाखवतं. २०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९६७ पासूनच्या सहा हजारांवर एनएचएल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. ५० किंवा जास्त मारामाऱ्या केलेले खेळाडू त्यांनी वेगळे काढले आणि तशाच बांध्याच्या, त्याच काळातल्या, न लढणाऱ्या खेळाडूंशी त्यांची तुलना केली. मरण पावलेल्यांची संख्या दोन्हीकडे साधारण सारखीच निघाली, पण लढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले होते. त्यांची मृत्यूची कारणं पाहिली की अमली पदार्थांचा अतिरेक, आत्महत्या, मोटार अपघात हे शब्द जास्त येतात.

लीगने काय केलं

२०१६ मध्ये माजी खेळाडूंच्या एका खटल्यात न्यायालयाने एनएचएलच्या अधिकाऱ्यांचे आपसातले ईमेल खुले केले. बेलॅकच्या मृत्यूनंतरच्या पत्रव्यवहारात उपायुक्त बिल डेली सरळ लिहितात की मारामारीमुळे मेंदूच्या हादऱ्यांचं प्रमाण वाढतं, त्यातून नैराश्य वाढतं, त्यातून अशा वैयक्तिक शोकांतिका वाढतात. लीगचेच अधिकारी ब्रेंडन शानाहान या गोळ्यांच्या रहाटगाडग्याविषयी लिहितात: झोपायला गोळी, उठायला गोळी, दुखणं दाबायला गोळी. आयुक्त गॅरी बेटमन यांच्या उत्तराचा आशय असा की एन्फोर्सरच्या कामामुळे माणूस असा होतो असं त्यांना वाटत नाही, मुळात विशिष्ट प्रकारची माणसंच या कामाकडे ओढली जात असावीत. शिवाय ठरवून होणाऱ्या मारामाऱ्या बंद करायचा प्रयत्न केला तेव्हा लढणाऱ्यांनीच आणि त्यांच्या संघटनेने विरोध केला, कारण त्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या.

शेवटचा मुद्दा खोटा नाही. खेळाडूंना विचारलं तर बहुतेक जण मारामारी राहू द्या असंच म्हणत आले आहेत. पण ‘अशी माणसंच या कामाकडे ओढली जातात’ हे वाक्य मला पचत नाही. मेलफर्टच्या त्या सामन्यात कोण कुणाकडे ओढलं गेलं? मुलगा कामाकडे गेला नव्हता, काम मुलाच्या दारात आलं होतं.

बुगार्ड कुटुंबाने २०१३ मध्ये लीगवर खटला भरला. जून २०१७ मध्ये शिकागोचे संघीय न्यायाधीश गॅरी फायनरमन यांनी तो फेटाळला. कारणं कायद्याच्या तांत्रिक बाजूची होती, आणि निकालपत्रातच त्यांनी स्पष्ट केलं की लीगने बुगार्डचं प्रकरण जसं हाताळलं त्याची ही भलामण समजू नये. वरच्या न्यायालयातही २०१८ मध्ये निकाल तोच राहिला. त्याच वर्षी ३१८ माजी खेळाडूंशी एनएचएलने सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरमध्ये तडजोड केली. दर माणशी रोख साधारण २२ हजार डॉलर, आणि चूक कबूल न करता.

मारामारीची शिक्षा मात्र आजही तीच आहे: पाच मिनिटं.

मग एन्फोर्सर गेला कसा?

सर्वसाधारण समज असा की २०११ च्या उन्हाळ्याने लीगचे डोळे उघडले आणि प्रथा संपली. आकडे पाहिले तर ही गोष्ट तशी बसत नाही. हॉकीला हिशेबाने बदललं, आणि तो हिशेब बुगार्ड लीगमध्ये यायच्या आधीच सुरू झाला होता.

पहिली खिट्टी १९९२ ची. आधी हात उचलणाऱ्याला जादा शिक्षा देऊन सामन्याबाहेर काढण्याचा नियम तेव्हा आला. त्यामुळे भररस्त्यात बदला घेणं अवघड झालं आणि मारामाऱ्या ठरवून होऊ लागल्या: दोन एन्फोर्सर, सामन्याच्या सुरुवातीला, आपापसात. ज्या गुन्हेगाराला धाक दाखवायचा तो मजेत बाकावर बसलेला. राखणदार आता दुसऱ्या राखणदारापासूनच राखण करत होता.

दुसरा धक्का मोठा. मालक आणि खेळाडूंच्या वादात २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला. २००५ मध्ये खेळ परत सुरू झाला तेव्हा संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आली, पहिल्या वर्षी ३ कोटी ९० लाख डॉलर. लांब पासवरची बंदी उठली आणि काठी-हाताने अडवण्यावर शिट्टी वाजू लागली. खेळ एकदम वेगवान झाला. त्या पहिल्या हंगामात मारामाऱ्या ४७० च्या आत आल्या. बुगार्डचा हा पहिलाच हंगाम. ज्या वर्षी त्याला दार उघडलं त्याच वर्षी त्याच्या व्यवसायाखालची जमीन सरकू लागली होती.

पण मग उलटच झालं. २००७ चा कप जिंकणारा अनाहाइम डक्स त्या हंगामात मारामारीतही सर्वांत पुढे होता. विजेत्याची नक्कल सगळेच करतात. २००८-०९ मध्ये आकडा ७३४ वर गेला. रेंजर्सचा ६५ लाखांचा करार या लाटेच्या शेवटी शेवटी झालेला आहे.

२०११ नंतर मारामाऱ्यांचा आकडा उतरत गेला आणि २०१८-१९ मध्ये सव्वादोनशेच्या घरात आला. त्यात दुःखाचा वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही. प्रशिक्षक आणि व्यवस्थापक ही माणसंच असतात, त्यांनी या पोरांना ड्रेसिंग रूममध्ये पाहिलेलं असतं. पण त्यांच्या टेबलावर जे कागद येत होते ते वेगळं बोलत होते. पगारमर्यादेत एक जागा पाच मिनिटांच्या माणसाला द्यायची, की स्वस्तात मिळणाऱ्या, बारा मिनिटं धावणाऱ्या विशीतल्या पोराला? चौथी तुकडी बर्फावर असताना समोरचे किती फटके आपल्या गोलावर येतात हे आता मोजलं जात होतं, आणि मंद पायांचा माणूस त्या मोजणीत उघडा पडत होता. २०१३ मध्ये नव्या खेळाडूंना डोळ्यांवरचं पारदर्शक कवच सक्तीचं झालं आणि मारामारीआधी हेल्मेट काढलं तर जादा शिक्षा ठेवली. कवचावर ठोसा मारला की हात आपलाच मोडतो. त्याआधी, २०१२ मध्ये, ओंटारियोच्या ज्युनियर लीगने एका खेळाडूच्या हंगामातल्या मारामाऱ्यांवर मर्यादा घातली. २०२३ पासून क्वेबेकच्या ज्युनियर लीगमध्ये मारामारी केली की सामन्यातून बाहेर. बुगार्ड घडला तो पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये, पण तशाच इतर शाळांतून हा विषय आता काढून टाकला जातोय.

लीगने ‘एन्फोर्सर नको’ असा निर्णय कधीच जाहीर केला नाही. तो नकोसा होऊ दिला. मला यातली खंत एवढीच वाटते की निर्णयच झाला नाही म्हटल्यावर मागच्या वर्षांचा जाबही कुणाला द्यावा लागला नाही. बाजारभाव पडला म्हणून बंद झालेल्या धंद्याकडे पाहावं, तसं या प्रथेकडे पाहिलं गेलं. त्यात राबलेली माणसं सहज विसरली गेली.

जॉर्ज पॅरोसचं उदाहरण यात जोडायला हवं. तो प्रिन्स्टनचा अर्थशास्त्राचा पदवीधर आणि २००७ च्या त्या विजेत्या अनाहाइम संघाचा एन्फोर्सर. १ ऑक्टोबर २०१३ ला, हंगामाच्या पहिल्याच रात्री, मॉन्ट्रियलमध्ये टोरंटोच्या कोल्टन ऑरशी लढताना तोल गेला आणि तो तोंडावर बर्फात आपटला. स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. चार वर्षांनी लीगने त्यालाच खेळाडूंच्या सुरक्षेच्या विभागाचं प्रमुखपद दिलं. या कामासाठी त्याच्याइतकी किंमत मोजलेला माणूस शोधून सापडला नसता, असं मला मनापासून वाटतं. तरीही त्याच्या विभागाकडे चुकीच्या धडका आणि कोपरं तपासायचं काम येतं. राजीखुशीने झालेली मारामारी त्यात येत नाही.

आता

मारामारी पूर्ण गेलेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत मॉन्ट्रियलला अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. लढणारे राखणदार नव्हते, मॅथ्यू आणि ब्रेडी कचक हे भाऊ आणि त्यांच्या तोडीचे नावाजलेले खेळाडू होते. जगभर चर्चा झाली, कित्येकांनी आइस हॉकी त्या रात्री पहिल्यांदा पाहिली. भावनेच्या भरात दोघं भिडणं आणि त्यासाठीच पगारावर माणूस ठेवणं, यांतला फरक तिथे अगदी लख्ख दिसला.

त्याच्या वर्षभर आधी, १८ फेब्रुवारी २०२४ ला, न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये सुमारे ८० हजार लोकांसमोर २१ वर्षांच्या एका उंचच उंच पोराने न्यूयॉर्क रेंजर्सकडून पदार्पण केलं. मॅट रेम्पी. सामन्याचा पक (या खेळातली रबरी चकती) पडला न पडला तोच त्याने आयलंडर्सच्या मॅट मार्टिनशी हातमोजे टाकले. पुढच्या काही आठवड्यांत त्याने एकामागून एक मारामाऱ्या केल्या, चेहरा सुजलेला घेऊन कॅमेऱ्यासमोर हसत आला, आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्या नावाचा गजर सुरू झाला. ३ एप्रिलला डेव्हिल्सविरुद्धच्या सामन्यात पहिल्या दोन सेकंदांत दोन्ही संघांचे पाचही जण भिडले, त्यात मध्यभागी तोच. लोकांना हे हवं आहे. ते अजूनही उभे राहतात, सेंट पॉलला राहायचे तसेच.

फरक आहे तो बर्फाच्या अलीकडे. रेंजर्सच्या प्रशिक्षकांनी रेम्पीला स्केटिंग सुधार, पक हाताळायला शिक, नाहीतर जागा नाही, हे पहिल्यापासून सांगितलं. अवैध धडकांसाठी लीगने त्याला २०२४ मध्येच दोनदा निलंबित केलं, आधी चार सामने, मग आठ. त्या पोराला पुढच्या हंगामात टिकायचं असेल तर मुठी पुरणार नाहीत हे त्याला कुणीतरी वेळेवर सांगितलं.

बुगार्डलाही खेळायचंच होतं. ९ नोव्हेंबर २०१० ला, ओटावाच्या बरोबर एक महिना आधी, वॉशिंग्टनविरुद्ध त्याने रेंजर्ससाठी गोल केला. जोरकस फटका, थेट जाळ्यात. जवळपास पाच वर्षांनी आलेला तो गोल. बाकावरचे सगळे सहकारी उठून ओरडत होते, आणि गार्डनमधले लोक, जे त्याच्या मारामारीसाठी यायचे, ते त्या रात्री एका गोलासाठी त्याचं नाव घेत होते.